टाकी उपसली, मग गाळ गेला कुठं?

आजचा विषय ऐकून काहीजणी नाकाला पदर लावतील. खुशाल लावा, पण रेडिओ तेवढा बंद करू नका.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या घरची संडासाची टाकी भरली. फोन केला, टँकर आला, पाईप सोडला, तासाभरात टाकी रिकामी झाली. पैसे घेऊन गाडी गेली. आमचं काम झालं. दुसऱ्या दिवशी गुरं घेऊन गेलेल्या एका बाईनं सांगितलं, वरच्या अंगाला ओढ्यात रात्री कुणीतरी घाण सोडलीय. तो ओढा आमच्या पाण्याच्या विहिरीजवळून वाहतो. म्हणजे आमच्याच घरातून निघालेली घाण फेरी मारून आमच्याच हंड्याकडे निघाली होती. आम्ही टँकरवाल्याला गाठून जाब विचारला. तो म्हणाला, "ताई, मग नेऊ कुठं? जागा सांगा, तिथं ओततो."

आमच्यापाशी उत्तर नव्हतं. ते शोधायला निघालो, आणि शोधता शोधता शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात वाईपासून करू. आपल्या सातारा जिल्ह्यातलं हे गाव. कृष्णेचे सात घाट, ढोल्या गणपती, कृष्णाबाईचा उत्सव, विश्वकोशाचं कार्यालय. लोक वाईला दक्षिण काशी म्हणतात. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या छत्तीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे खेड्यापेक्षा मोठं आणि शहरापेक्षा लहान असं हे गाव. घाटावर न्हाऊन आपण कृष्णेची ओटी भरतो. तेच पाणी पुढं माहुलीला जातं, कराडला कोयनेला मिळतं, मग सांगली आणि नृसिंहवाडी. प्रत्येक गावाच्या वर कुणाचं तरी गाव आहे आणि खाली कुणाचं तरी. वरच्यानं सोडलं की खालच्यानं प्यायचं. नदीकाठच्या प्रत्येक गावाचा हा हिशेब आहे.

जुन्या काळी खेड्यातली माणसं डबा घेऊन पांदीला जायची. पेठांच्या गावात मात्र घराला घर लागलेलं. तिथं वाड्यामागे टोपलीचे संडास असत. मागच्या बोळातून माणूस यायचा, खालची टोपली किंवा डबा काढायचा, डोक्यावर घेऊन गावाबाहेर न्यायचा. वाड्याच्या पुढच्या दारानं त्याला येता येत नसे. बोळ वेगळी, वेळ वेगळी, पाणी वेगळं. हे काम ठरावीक जातींच्या माथी मारलेलं होतं, आणि त्यांच्या जातीचं नाव लोक शिवीसारखं वापरत. डोक्यावर मैला वाहण्याच्या या कामात देशभर बायकाच जास्त होत्या, हे मुद्दाम सांगतो. पावसाळ्यात टोपलीतलं पाणी डोक्यावरून, तोंडावरून ओघळायचं. तशाच अवस्थेत घरी जाऊन तिला चूल पेटवायची असे, पोराला पाजायचं असे.

गावाबाहेर हा मैला कचऱ्याबरोबर खड्ड्यात घालून कुजवत. त्याचं जे खत होई त्याला आपल्या मराठीत नाव आहे सोनखत. ज्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं, त्याचं खत झालं की सोनं! खत सोनं ठरलं, पण ते वाहणाऱ्या बाईला कुणी माणूस म्हणायला तयार नव्हतं.

ही गोष्ट ज्यांना सलली त्यातले एक म्हणजे कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातला मैला साफ करण्याचं काम मला द्या, अशी त्यांची मागणी होती. सरकारचं म्हणणं, हे काम वरच्या जातीच्या कैद्याला देता येत नाही. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी डिसेंबरमध्ये उपास सुरू केला. तेव्हा कुठं सरकार हललं. पुढं कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी आयुष्यभर संडास आणि सोनखताचे प्रयोग केले. त्यांचं म्हणणं साधं होतं. मैल्याची व्यवस्था अशी हवी की ती करताना कुणाची मान खाली जाऊ नये.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं १९४९ मध्ये सफाई कामगारांची स्थिती पाहायला बर्वे समिती नेमली. १९५२ साली तिचा अहवाल आला. डोक्यावरून मैला नेणं थांबवा, हातगाड्या द्या, असं तेव्हा सांगितलं गेलं. कायदा यायला मात्र १९९३ उजाडलं. मग २०१३ चा कायदा आला. त्यानं टाकीत किंवा गटारात माणसाला साधनांशिवाय उतरवणं हा गुन्हा ठरवला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गटारात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना दहा लाख रुपये द्या. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तारखा बघा, म्हणजे किती पिढ्या गेल्या ते कळेल.

आता तुम्ही विचाराल, मोठ्या शहरांनी काय केलं? त्यांनी जमिनीखालून गटारं काढली. पण सुरुवातीला त्यांनीही घाण फक्त पुढं ढकलली. लंडन शहरात १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतका वास सुटला की पार्लमेंटमध्ये बसणं मुश्कील झालं. मग घाईघाईनं मोठी भुयारी गटारं मंजूर झाली. त्यांनी सगळा मैला शहराच्या खालच्या अंगाला नेऊन त्याच नदीत सोडला. लंडनचा वास गेला, खालच्या काठाच्या नशिबी आला. नदीची घाण बंद करायची तर सोडण्याआधी पाणी साफ करायला हवं, हे नंतर उमगलं.

ते साफ कसं करायचं, याची युक्ती मँचेस्टर शहरात सापडली. आर्डर्न आणि लॉकेट नावाच्या दोघांनी ती १९१४ मध्ये जगापुढं मांडली. आपल्याला ती सहज समजेल, कारण ती विरजणाची युक्ती आहे. त्यांनी बाटलीत सांडपाणी घेतलं आणि त्यातून हवा सोडत राहिले. पाणी साफ व्हायला काही आठवडे लागले. मग वरचं निवळ पाणी ओतून दिलं, पण तळाचा साका टाकला नाही. त्याच साक्यावर नवं सांडपाणी ओतलं. पुन्हा हवा, पुन्हा निवळ, पुन्हा साका ठेवला. दर वेळी काम लवकर व्हायला लागलं, आणि शेवटी काही आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत आलं. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावावं, तसं. त्या साक्यात घाण खाणारे सूक्ष्म जीव वाढलेले असतात. त्यांना हवा दिली की ते भराभर खातात. आज मोठ्या शहरांतली अनेक सांडपाणी केंद्रं याच तत्त्वावर चालतात. या कामाशी जवळून संबंध असलेले गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकवायला आले आणि ही विद्या आपल्या देशात पोचली.

त्याच्याही आधी, १८९० च्या दशकात, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात एक प्रयोग झाला होता. तिथला मैला बंद टाकीत कुजवून निघालेला गॅस दिव्यासाठी वापरला गेला. ज्यांना समाजानं गावाबाहेर काढलं होतं, त्यांच्या मैल्यावर दिवा पेटला. आज आपल्या परसातला गोबरगॅस त्याच घराण्यातला.

म्हणजे विद्या होती. मग वाईसारख्या गावापर्यंत ती का आली नाही? कारण पाणी, वीज आणि पैसा. भुयारी गटारातून मैला वाहता राहायचा तर नळाला भरपूर पाणी लागतं. सरकारी मापानं गटार योजना असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. गटार नसलेल्या गावात ७० लिटर धरतात. दिवसाआड घागरी भरणाऱ्या गावात १३५ लिटर आणायचे कुठून? पाणी कमी पडलं की गटार तुंबतं. पुढं हवा सोडणारी यंत्रं रात्रंदिवस चालवायला वीज हवी, तिचं बिल भरायला नगरपालिकेची तिजोरी हवी. छोट्या गावांना हे झेपलं नाही.

म्हणून छोट्या गावांनी दुसरी वाट धरली. सेप्टिक टाकी. हिचा जन्मही इंग्लंड-फ्रान्सकडचाच. १८९० च्या दशकात एक्सेटर गावचे कॅमेरॉन यांनी ती नावारूपाला आणली. टाकीत तीन थर होतात. वर तवंग, मध्ये पाणी, खाली साका. साका बिनहवेचे जंतू हळूहळू खातात. मधलं पाणी पुढच्या नळीतून बाहेर पडतं. पण लक्षात घ्या, ते पाणी स्वच्छ नसतं. ते शोषखड्ड्यात जिरायला हवं. गावोगाव ते थेट उघड्या गटारात सोडलेलं दिसतं. आणि साका संपूर्ण संपत नाही, तो साठत जातो. अर्ध्याहून जास्त टाकी साक्यानं भरली की मैल्याला टाकीत थांबायला जागाच उरत नाही, तो आला तसा बाहेर निघतो. म्हणून जाणकार सांगतात, दोन-तीन वर्षांनी टाकी उपसा.

आपण काय करतो? टाकी उतू जाईपर्यंत गप्प बसतो. आठ वर्षं, दहा वर्षं. "आमची टाकी कधी भरतच नाही" असं अभिमानानं सांगतो. अहो, भरत नाही याचा अर्थ कुठंतरी झिरपतेय किंवा गटारात जातेय. सून नवी आली, ती विचारते, टाकी कधी उपसली होती? सासूबाईंना आठवत नाही. कारण कुणी लिहून ठेवलेलंच नाही.

आणि उपसली तरी गाळ शेतात, ओढ्यात, नाहीतर रस्त्याकडेच्या खड्ड्यात. हा गाळ साध्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी पटीनं घट्ट आणि घातक असतो. अभ्यासकांचं एक गणित आहे. एक टँकर गाळ उघड्यावर ओतणं म्हणजे पाच हजार माणसांनी उघड्यावर बसण्यासारखं. हागणदारीमुक्त गावाची पाटी वेशीवर, आणि वेशीपलीकडे एका रात्रीत पाच हजारांची हागणदारी!

डोक्यावरची टोपली गेली, ही मोठी गोष्ट झाली. पण घाण संपली नव्हती. टोपलीतून ती टाकीत आली, टाकीतून टँकरमध्ये, टँकरमधून ओढ्यात.

हे ओळखून काही छोट्या गावांनी वेगळा विचार केला. भुयारी गटाराची वाट बघत बसायचं नाही. टाक्या आहेत तशा राहू देत. पण प्रत्येक टाकी ठरल्या वेळी उपसायची आणि गाळ ठरल्या जागी नेऊन त्यावर प्रक्रिया करायची. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ मध्ये असं केंद्र झालं. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं मैला-गाळाचं धोरण आणलं. आणि २०१८ मध्ये आपल्या वाईनं हे काम सुरू केलं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यासाठी वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या दोन गावांबरोबर काम केलं होतं, गेट्स फाउंडेशनची मदत होती.

वाईच्या या कामात यंत्रापेक्षा आम्हाला हिशेब जास्त आवडला. गावाचे भाग पाडले. तीन वर्षांत गावातली प्रत्येक टाकी एकदा उपसली जाईल असं वेळापत्रक केलं. तुमची टाकी उतू गेली का, हा प्रश्नच नाही. पाळी आली की गाडी येणार. उपसताना घरमालकाकडून रोख पैसे घ्यायचे नाहीत. त्याऐवजी घरपट्टीबरोबर थोडा स्वच्छता कर. ठेकेदाराला त्यानं किती टाक्या उपसल्या आणि गाळ केंद्रात पोचवला, त्यावर पैसे.

मैत्रिणींनो, हे आपल्या बचत गटासारखंच नाही का? एकदम मोठी रक्कम कुणालाच परवडत नाही, म्हणून दर महिन्याला थोडी थोडी. आठ-दहा वर्षांनी एकदम टँकरचे पैसे द्यायचे म्हटलं की घर कुरकुरतं. मग स्वस्तातला शोधतात. स्वस्तातला टँकर जवळच्या ओढ्यात ओततो, कारण लांब नेलं तर डिझेल जळतं. पैसे आधीच जमा असले आणि गाळ पोचवल्यावरच मिळणार असले, की ओढ्यात ओतण्यात त्याचा फायदा उरत नाही. वाईनं टँकरवाल्याला उपदेश केला नाही, त्याचा हिशेब बदलला.

केंद्रात काय होतं तेही सांगतो. गाळ आला की आधी जाळीतून गाळतात. जाळीत काय अडकतं माहीत आहे? गुटख्याच्या पुड्या, चिंध्या, प्लास्टिक, आणि आपले सॅनिटरी पॅड. पंप अडकतो तो यांनीच. मग पाणी आणि घट्ट गाळ वेगळा करतात. पाण्यावर प्रक्रिया होते. घट्ट गाळ वाईच्या केंद्रात वाळवून, कमी हवेत तापवून त्याचा कोळशासारखा भुगा करतात, आणि त्याच उष्णतेवर पुढचा गाळ वाळतो. सिन्नरला वाफे केलेत. कुरडया-पापड वाळत घालावेत तसा गाळ उन्हात वाळतो. दोन्हीकडे जंतू मरतात, जे उरतं ते मातीला उपयोगी पडू शकतं. सोनखत परत आलं म्हणा, पण आता डोक्यावर टोपली नाही. पुढं राज्य सरकारनं अशी केंद्रं तीनशेहून अधिक छोट्या शहरांसाठी ठरवली.

सगळं झालं असं आम्ही म्हणणार नाही. हा झाला टाकीतल्या गाळाचा प्रश्न. न्हाणीचं, भांड्यांचं, धुण्याचं सांडपाणी वेगळं. छोट्या गावांत ते आजही बरंचसं नाल्यानं नदीला मिळतं. नुसता गाळ सुटला म्हणून कृष्णामाई सुटली असं होत नाही. ते काम बाकी आहे.

आता आपल्या खेड्यांचं बोलू. २०१४ नंतर घरोघरी संडास झाले. ज्यांचा संडास दोन खड्ड्यांचा आहे, त्या बायांनो, तुम्ही नशीबवान. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा. भरलेला खड्डा किमान दीड वर्ष बंद ठेवायचा. पाणी जमिनीत जिरतं, आत कोरडं, बिनवासाचं खत उरतं. २०१७ साली तेलंगणातल्या गंगादेविपल्ली गावात दिल्लीहून आलेले स्वच्छता खात्याचे सचिव स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि हातानं खत बाहेर काढलं. त्याच्या ८५ वर्षं आधी अप्पासाहेबांना जे काम करू दिलं जात नव्हतं, त्याची आठवण आम्हाला झाली. पण एक ध्यानात ठेवा. हे दीड वर्ष बंद राहिलेल्या खड्ड्याबद्दल आहे. चालू सेप्टिक टाकीत कुणालाही, कधीही उतरवायचं नाही. झाकण काढून डोकावायचंसुद्धा नाही. आतला वायू क्षणात माणूस पाडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. आपल्या घरची टाकी साफ करताना कुणाच्या घरची चूल विझू नये.

ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांचा गाळ कुठं जायचा? स्वच्छ भारत ग्रामीणच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात मैला-गाळाची व्यवस्थाही धरली गेली. जवळच्या शहरात केंद्र असेल आणि तिथं जागा असेल, तर ग्रामपंचायतीनं नगरपालिकेशी बोलून गावचा गाळ तिथं द्यायची सोय करता येते. आणि हे बायकांचं काम नव्हे असं कुणी म्हणालं, तर त्यांना ओडिशाची गोष्ट सांगा. तिथल्या कितीतरी शहरांत अशी केंद्रं बचत गटांच्या बायकांनीच चालवायला घेतली आहेत. गाळ कुठून आला, किती आला, कधी आला, हे त्या वहीत लिहितात. वही तर आपल्यालाही लिहिता येते.

आम्ही आमच्या गटात सुरुवात तिथूनच केली. एक वही केली. घरमालकाचं नाव, टाकी की दोन खड्डे, बांधली कधी, शेवटची उपसली कधी. पहिल्या दिवशी निम्म्या घरांत शेवटच्या रकान्यात फक्त प्रश्नचिन्ह आलं. तीच वही घेऊन आम्ही ग्रामसभेत गेलो. ठराव मांडला की गावात टाकी उपसणाऱ्या टँकरनं गाळ कुठं नेला याची पावती ग्रामपंचायतीत द्यावी, आणि जवळच्या नगरपालिकेला पत्र लिहावं. काहीजण हसले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, सभेत असले विषय बोलू नयेत. त्यावर आमच्यातली एक उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बोलायचं नसेल तर प्यायचं तरी कशाला?" मग कुणी हसलं नाही. पत्र गेलंय. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की याच कार्यक्रमात सांगू.

तोवर तुम्ही एवढं करा. आज रात्री जेवताना घरात विचारा, आपली टाकी शेवटची कधी उपसली? गाळ कुठं गेला? उत्तर मिळालं तर लिहून ठेवा. नाही मिळालं, तर तसंही लिहा. शंभर वर्षं ही घाण कुणाच्या तरी डोक्यावर किंवा कुणाच्या तरी पाण्यात गेली, ती हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून. टँकरवाल्या दादानं आम्हाला विचारलं होतं, जागा सांगा. बरोबरच विचारलं होतं त्यानं. जागा सांगणं हे आपलं काम आहे.

येतो आम्ही. पुढच्या भागात न्हाणीच्या सांडपाण्यावर बोलू. नमस्कार.